ओवाळणीत मागितलेली सही

२२ ऑक्टो., नगर
‘सही केली, म्हणून माझं माहेर राहिलं.’ आत्या म्हणाली होती, भाकरी थापता थापता. मी शाळेत होते. वाटलं, किती सोपं!
उद्या भाऊबीज. पुणतांब्याला जायचं. दादा फोनवर जास्तच गोड बोलत होता.
भाषांतर अडलंय. करारात इंग्रजी क्रियापद, ‘रिलिंक्विश’. ‘सोडून देणे’ लिहिलं. खोडलं.

२३ ऑक्टो., पुणतांबा
ओवाळलं. ताटात साडी पडली. मग दादा हसत, ‘दरसाली मी घालतो. यंदा तू भावाला ओवाळणी घाल, शोभे.’
वडिलांच्या, अण्णांच्या जमिनीतला माझा हिस्सा. हक्कसोडपत्र करून द्यायचं.
वहिनी : ‘तुमाला एकटीला रान काय करायचंय, वन्सं? आन् आमी काय तुमाला तोडतोय व्हय?’
सगळे हसले. मीही. निरांजन हातातच. हो म्हणाले, की नुसती मान हलवली?

२५ ऑक्टो., नगर
कोश काढला. शब्द मूळचा लॅटिन. मागे ठेवून जाणे. त्याच मुळातून निघालेला एक जुना इंग्रजी शब्द विधवेसाठी वापरत. नवऱ्याने मागे ठेवलेली.
कोश मिटला. चहा केला. अजून दोन कपांचं आधण ठेवते.

२६ ऑक्टो.
आपल्याकडे पाणी सोडतात, तळहातावरून. वस्तू जाते, सोडणारा जागेवर राहतो. इंग्रजी शब्दात वस्तू जागेवर, माणूस चालू लागतो.
माझ्यापुरतं इंग्रजीच खरं. रान कुठे जाणार? निघायचं मला.

३० ऑक्टो.
दादासोबत राहात्याला, नोंदणी कार्यालयात. साहेबांनी विचारलं, ‘ताई, स्वखुशीनं ना?’
दादाच बोलला, ‘व्हय साहेब, सख्खी भन हाय.’
‘त्यांना विचारलंय.’
मी तोंड उघडलं आणि... तेवढ्यात सर्व्हर बंद. दस्त राहिला. दहा तारखेला या म्हणाले.
बाहेर टपरीवर दादा : ‘एक शब्द निघंना तुझ्या तोंडातून. पुस्तकं लिहिती म्हनं!’ हसला. चहा मात्र तसाच ठेवला.
एसटीने परत आले. पोचलीस का म्हणून त्याचा फोन येतोच. आला नाही.

३ नोव्हें.
या दिवसांत घरचे पेरू येतात. दादा कंडक्टरकडे पिशवी देतो, मी स्टँडवर जाऊन घेते. आज कोणी कळवलं नव्हतं. तरी गेले. पुणतांब्याकडची गाडी रिकामी होईपर्यंत उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, ‘काय न्हाई आज, ताई.’

७ नोव्हें.
वहिनीला फोन केला. ‘कामात हाय, मागून करते.’ मागे गाईचं हंबरणं, दादाचा आवाज. ठेवला.
सही न करणं जमेल? रात्री झोपेतून उठते, वाटतं, आत्यासारखी सही करून टाकावी. मग वाटतं, सही केल्यावर तरी कशाला बोलावतील...

९ नोव्हें.
उद्या राहाता. ‘रिलिंक्विश’ची जागा भाषांतरात कोरीच ठेवून बाकी काम पाठवलं.
दादाला मेसेज लिहिलाय. त्याला जे काढून हवंय नेमकं तेच मी राखायला बघतेय, म्हणजे तो नकारच देणार. वहिनी तर म्हणेलच, ‘मंग दिलं काय?’ तरी पाठवते.
‘दादा, रान तूच कर, पीक तुझं, पुढे पोरांचं. मी कधी काही मागणार नाही. फक्त मी आहे तोवर सातबाऱ्यावर अण्णांच्या खाली तुझ्या नावाशेजारी माझं नाव राहू देशील का?’