अरासेली बोलते

सेल्सो,

मांडिओकाचे कंद उकडून पातेल्यात ठेवलेत. अरासेलीच्या कानांची आजची तपासणी मी रद्द केलीय. तिला आणि तुझ्या आईंना घेऊन मी माहेरी चाललेय.

तीन वर्षांची झाली तरी पोरीला बोल फुटेना म्हणून आपण रडतोय. आणि काल मी कपडे वाळत घालत होते, तर आत ती आईंना चक्क ग्वारानी भाषेत सांगत होती, "आजे, कोंबडीनं अंडं घातलं, चल की!"

मी दारात गेले तशा दोघी गप्प. आई म्हणाल्या, "तुला भास झाला गं."

घरात फक्त स्पॅनिश बोलायचं, हा नियम तुझा. मग खरं सांग, तिचा पहिला शब्द ग्वारानीतला होता आणि तो तू ऐकला होतास ना? तेव्हा तू काय केलंस? तुझी मोटारसायकल वाजली की ती तोंडावर हात का ठेवते?

निमिया