सीझन संपल्यावर बघू

मी, सूर्यनारायण राव, वय चौसष्ट, धंदा लॉरी बुकिंग, राहणार तंजावूर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी जागेवर आहे. भीती मात्र वाटते. बुधवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सुंदरी हिला. काशीला नेतो असे तिला एकतीस वर्षे सांगत आलो. पोंगलला ऊस-हळद, मग सांबा भाताची कापणी, उन्हाळ्यात परदेशी जाणाऱ्या बाहुल्यांचे कंटेनर, नवरात्राआधी, घरोघरी पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या, लगेच दिवाळी. आडी म्हणजे आषाढ महिना तेवढा रिकामा, तर तेव्हा लॉऱ्यांची दुरुस्ती. तिने आता माझ्यासाठी न थांबता जाऊन यावे.

२. सहा ताडपत्र्या, दोर व वजनकाटा मुकादम मुरली याला. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून एक बाहुली फुटली नाही. चुलतभाऊ भरद्वाज याला ताडपत्री उसनीसुद्धा देऊ नये. ऐन पावसाळ्यात त्याने माझी ताडपत्री फाडून, न सांगता परत केली. कागदी लगद्याच्या चारशे बाहुल्या मदुराईला पोचल्या त्या लापशी होऊन. मरताना माफ करतात म्हणे. मला जमत नाही.

३. ऑफिस, फोन नंबर व भिंतीवरचे कॅलेंडर कन्या साईप्रिया हिला. कोणत्या आठवड्यात लॉरी मिळत नाही, भाडे कधी दुप्पट होते, हे सारे त्यावर लाल शाईने लिहिले आहे. त्या विद्येचा मला गर्व होता. जानेवारीत डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तेव्हा म्हणालो, भात निघू दे. मग म्हणालो, कंटेनर जाऊ देत. गेल्या मंगळवारी माल चढवताना खाली बसलो, तो स्वतःहून उठता आले नाही. आता त्या लाल खुणांकडे बघवत नाही.

४. काल चेकबुक शोधताना साईप्रियाच्या टेबलाच्या खणात इस्पितळाची चिठ्ठी सापडली. जूनमधली. स्तनात गाठ, ताबडतोब तपासावी. वर तिच्या अक्षरात तमिळमध्ये लिहिलेले: दिवाळीनंतर. विचारले, तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "सीझन जाऊं दे, अप्पा. तुम्ही पडले आहांत, आतां लॉरी कोण पाहील?"

हे ती माझ्याकडूनच शिकली. स्वतःच्या ऑपरेशनची भीती तिथेच मागे पडली. ही दुसरी भीती दिवाळीपर्यंत थांबू देत नाही.

वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. तोवर उशीर होईल, आणि मी जगलो तर हा कागद कुणी उघडणारही नाही. साईप्रियाला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून साक्षीदार सुब्रमण्यम मास्तरांनी सही होताच हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. मुरलीने ऑफिसचे शटर खाली ओढावे. गिऱ्हाइकांना सांगावे, लॉरी नाही. आईने तिला इस्पितळात न्यावे. वरची तिन्ही कलमे मी मेल्यावर. हे आज, दुपारच्या आत.

सही: सूर्यनारायण राव
तंजावूर, सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आमच्यासमक्ष सही झाली:
१. सुब्रमण्यम, निवृत्त शिक्षक
२. कनकलता, शेजारीण

साडेदहाला कलम चार वाचून दाखवले. साईप्रियाने पुन्हा एकदा वाचायला लावले. "भय वाटतें," म्हणाली. शटर तिनेच ओढले. — सुब्रमण्यम