वाऱ्याच्या नावावर

५ एप्रिल, रविवार
चिबाची नेमबाजीची रेंज. वारा डावीकडून, जोरात. क्लबातल्या कुरोदा-सानांची जुनी तोड्याची बंदूक, वातीने पेटणारी. आधी विकतच्या गोळ्या, मग त्यांनी स्वतः ओतलेल्या. दारू तेवढीच, ठासणीही तशीच. विकतच्या सगळ्या उजवीकडे सरकल्या, पण एकत्र. तळहाताने झाकता येतील. त्यांच्या कुठेही. दोन तर कागदाच्या खालच्या कडेला. वाऱ्याने गोळी बाजूला जाईल, एवढी खाली कशी पडेल?

११ एप्रिल, शनि.
वजनं केली. समीरचा कॉफीचा काटा. "अगं, त्यावर शिसं ठेवतेस?" खाली कागद घातला, तरी नवऱ्याचं तोंड वाकडंच.
कु.-सानांच्या गोळ्यांत बऱ्याच हलक्या. एक कापून पाहिली, आत पोकळ. शिसं पुरेसं तापत नाहीये. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून ते उघड्या गॅलरीत, छोट्या स्टोव्हवर ओततात. सुनेला घरात धूर नको. तिचंही बरोबर आहे.

१२ एप्रिल, रवि.
सांगायचं ठरवून गेले होते. मनगट दुखावल्यामुळे मेमधल्या सामन्यासाठी त्यांनी क्लबच्या संघातली स्वतःची जागा मला दिलीय. म्हणाले, "तुम्ही माझ्या गोळ्या मारल्यात, की मीही तिथे असल्यासारखंच." मग मागच्या रविवारचा कागद पाहून विचारलं, "हे कशामुळे झालं असेल?"
म्हटलं, "वारा."
बँकेत दिवसभर लोकांच्या चुका तोंडावर सांगते. इथे शेपूट घातली.

१९ एप्रिल, रवि.
सगळी सकाळ कु.-सानांनी मला वारा शिकवला. झेंड्यापेक्षा गवत बघायचं. झुळूक जाईपर्यंत श्वास रोखून थांबायचं नाही, बंदूक खाली घ्यायची. इतके खुशीत कधी पाहिले नव्हते. शिकले बरंच. ते चहाला गेल्यावर विकतच्या मारल्या, मधोमध बसल्या. त्यांच्या अजूनही...
समीरला सांगितलं. "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. तुझं अंगण सरळ, नाचही येतो, आणि दोष तरी अंगणालाच." वर म्हणाला, विकतच्या मार, त्यांना कुठे कळणार आहे. कळणार नाही. तेच नकोसं वाटतं.

२ मे, शनि.
कु.-सानांना म्हटलं, आमच्याकडे फुनाबोरीला या, खाली आडोशाला ओतू. "नको, तुम्हाला उगाच त्रास." दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यांनाच त्रास झाला असता. कालच ओतलेल्या गोळ्या रुमालात बांधून दिल्या. काल दिवसभर सोसाट्याचा वारा होता.
वजन केलं. तेच.

१० मे, रवि.
कप्तान म्हणाले, बाकीच्यांचे गुण बेताचेच असणार. क्लब पुढच्या फेरीत जायचा तर कुरोदा-सानांच्या जागेवरून चांगले गुण यायला हवेत. ते शेजारीच बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांना आता वारा कळतो."

१७ मे, रवि.
सामना. बाकावर बसून लिहितेय. वारा अजिबात नाही, गवतसुद्धा हलत नाही. सगळे खूश. मला धडकी भरलीय, आज दोष द्यायला वारा नाही.
कु.-सान मागे येऊन बसलेत, दुर्बीण घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "बरं झालं. आज माझ्या गोळ्या कशा आहेत ते दिसेल."
मान हलवली.
विकतच्या गोळ्यांची पिशवी आणि त्यांचा रुमाल, दोन्ही पुढ्यात आहेत. माझं नाव पुकारलं.