भरतकामाचा कॉम्प्युटर

४ नोव्हेंबर
दिवाळी संपली, पाहुणे गेले. दि. घरातच. (नवऱ्याला आजपासून दि. एवढंच लिहिणार. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.) साजगावच्या कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा म्हणाला होता, मागे भाजी लावीन. कसली भाजी. अंघोळ झाली की माझ्या खुर्चीत. पत्ते खेळतो, गाणी उतरवतो, जे दिसेल त्यावर क्लिक करतो. आज मी बसले तर कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहावर साय धरली.

६ नोव्हेंबर
सकाळ साफसफाईत गेली. सुरू होताना आपोआप उघडणारे ढीगभर प्रोग्रॅम बंद केले. दि.ने टाकलेला एक ‘वेग वाढवा’वाला होता, सगळ्यात जास्त मेमरी तोच खात होता. वर लाल पाट्या दाखवून घाबरवायचा. काढून टाकला. टेंपररी फायली पुसल्या. त्याची गाणी बाहेरच्या डिस्कवर हलवली, पुसली नाहीत. हे लिहून ठेवते, उद्या आरोप नको.
कॉम्प्युटर पळायला लागला. दि. संध्याकाळी विचारतो, माझं ते वेगाचं कुठं गेलं. सांगितलं. शांत जेवण झालं एकदाचं.

९ नोव्हेंबर
कव्हर काढलं. रस्त्याची धूळ आणि मशिनच्या दोऱ्याचा भुगा, दोन्ही मिळून पंख्यावर जाड थर. रंगाच्या ब्रशने झाडला, हातपंपाने हवा मारली. मेमरीच्या पट्ट्या काढून पिना खोडरबराने घासल्या. तारीख रोज मागे जात होती म्हणून आतला बटणासारखा सेल बदलला. घरघर थांबली.
दि. दारात उभा. “नवा घे की. किती कुरवाळतेस त्याला.”
किती वेळा सांगितलंय. डिझाइनचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालतो. काढणारी कंपनी केव्हाच बंद झाली. मागे लावलेली ती पेनड्राइव्हसारखी किल्ली नसेल तर तो उघडतसुद्धा नाही. आणि तो नाही तर भरतकामाचं मशिन म्हणजे नुसतं लोखंड. सगळं माहीत आहे त्याला. तरी बोलायचं.

१३ नोव्हेंबर
कडावची वैशाली आली. तुळशीचं लग्न झालं की पुढे डिसेंबरात तिच्या लग्नाचा मुहूर्त. शालूवरच्या ब्लाउजला भरतकाम पाहिजे. मोर नको, कमळ नको. कागदात गुंडाळून भाताची लोंबी आणली होती. म्हणाली, “आमच्या शेतातली हाय काकू. अशीच पायजे, बाहीभर.”
इतक्या दिवसांनी कोणीतरी वेगळं मागितलं. जेवणही विसरले. एकेक दाणा वेगळा काढला, टोकाचं कुसळसुद्धा. बरं जमलंय. खूप बरं.
उठताना कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. दि.ला सांगितलं, दुपारी जेवण झाल्यावर तासभर तुमचा. तर म्हणतो, माझ्या घरात मलाच टायमिंग.

१५ नोव्हेंबर
पदराचं काम चालू असताना मेन स्विच बंद. सुई कापडात अडकून मोडली, कापड ओढलं गेलं. दि. म्हणे स्टुलावर चढून पंखा पुसायचा होता.
पंखा जाऊन बघितला. पुसलेला नाही.

१८ नोव्हेंबर
दोरा आणायला कल्याणला गेले होते. आले तर दि. हसत दारात. हसताना शेवटचा कधी बघितला होता आठवत नाही. म्हणाला, “तूच म्हणत होतीस ना स्लो झालाय? बघ आता.”
स्क्रीन निळी, नवीकोरी. नवा विंडोज. स्टेशनजवळच्या दुकानातल्या मोहसीनला घरी बोलावून सगळं पुसून नवं टाकून घेतलं. प्रोग्रॅम नाही. डिझाइनं नाहीत. लोंबी नाही. किल्ली काढून फळीवर, अडकित्त्याच्या बाजूला.
पिशवी खांद्यावर तशीच, खाली फरशीवर बसले. त्याने चहा आणून पुढे ठेवला. प्यायले नाही.

१९ नोव्हेंबर
कॉम्प्युटरचा डबा ओढणीत बांधून रिक्षाने मोहसीनकडे. बिचारा गडबडला. म्हणाला, मी साहेबांना विचारलं होतं, आत काही कामाचं आहे का. ते म्हणाले, काही नाही, गाणी आहेत नुसती. मागची किल्लीही त्यांनीच काढली.
म्हणजे चुकून नाही.
डबा तिथंच ठेवला. परतताना पटपट चालले.
दर दिवाळीला साफसफाईत अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून कपाटात साड्यांखाली ठेवते. ती घेऊन पुन्हा गेले. मोहसीन म्हणाला, जुनं सगळं उभं राहील. पण दिवाळीनंतरचं येणार नाही.
लोंबी दिवाळीनंतरची.

२० नोव्हेंबर
डबा घरी आणला. फळीवरची किल्ली मागे लावली, प्रोग्रॅम उघडला.
मग विचारलं. आवाज चढवला नाही. “मोहसीनला आत काही नाही म्हणून का सांगितलंत?”
आधी आठवत नाही म्हणाला. मग मोहसीन खोटं बोलतो म्हणाला. मग, “दिवसभर तुझं तोंड त्या डब्याकडं. मी घरात हाय का नाय, कळतं तरी का तुला?”
मी म्हटलं, “तुम्ही वर्षानुवर्षं शिफ्टला होता तेव्हा मी कोणाकडं तोंड करून बसत होते?”
त्याने टीव्ही लावला.
मला वाटलं होतं, खरं बोलला तर राग थोडा उतरेल. उतरला नाही. माणूस एकटा पडला म्हणून दुसऱ्याचे हात तोडायचे? आणि वर चहा आणून द्यायचा?
ताईला फोन केला. कडावला तिच्या गोठ्याला लागून खोली आहे, आधी पेंडीची पोती असायची. म्हणाली, “रिकामीच हाय गं. पण वास येईल.” म्हटलं, येऊ दे.

२१ नोव्हेंबर
मशिन, कॉम्प्युटर, दोऱ्यांचे डबे, माझ्या चार साड्या. टेंपोवाला आणि मी उचलत होतो. दि. ओट्यावर बसून बघत होता. हात लावला नाही. शेवटी एवढंच विचारलं, गॅसचं पुस्तक कुठं असतं.
सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
इथे कॉम्प्युटरचे हाल. अंगणात भाताची झोडणी चालू, बारीक फोलपटं उडून सगळीकडे. रोज कव्हर काढून ब्रश मारते. खिडकीला ओली चादर लावली. वीज वरखाली होते म्हणून ताईच्या यजमानांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून दिला. इंटरनेट जोडलेलंच नाही. जुना आहे, पण त्याच्यात आता त्याच्या कामाचं तेवढंच आहे, त्यामुळे भराभर चालतो.
लोंबी परत काढायला घेतली. पहिली चांगली होती. ही तशी येत नाही. दाणे सारखेच दिसतात, शिपाई उभे केल्यासारखे. तीनदा पुसली. दर वेळी दि.चा हसरा चेहरा आठवतो आणि रेघ बिघडते.

२६ नोव्हेंबर
ताई विचारते, तिकडं तो खातो काय. म्हटलं, हात आहेत त्याला. ताई म्हणाली, “तुझ्या जागी मी असते तर फोडलाच असता तो डबा, आणि घरी बसले असते. भांडण मिटलं असतं.” तिलाही तसंच वाटतं. कोणाचं तरी काही तरी मोडलं की मिटतं.


२९ नोव्हेंबर
ब्लाउज झाला. झोडपलेल्या पेंढ्याच्या ढिगाशी बसून लोंब्या पाहिल्या, मग नक्षी पुन्हा काढली. या खेपेला काही दाणे रिकामे ठेवले, पळिंज असतात तसे. वैशालीने बाही उजेडात धरून पाहिली. खूश झाली असं नाही म्हणणार. आधीचं तिनं फोनवर पाहिलं होतं. “ते आणखी भरलेलं वाटत होतं ना, काकू?” म्हणाली. मग म्हणाली, हेही चांगलं आहे.
हेही.
हा शब्द मी दि.च्या नावावर लिहून ठेवते.

२ डिसेंबर
दि.चा फोन. सर्दी झाली आहे. आलं कुठं मिळतं. मी म्हटलं, बाजारात. म्हणाला, वैशालीच्या लग्नाला येणार आहेस ना, मीही येतो. म्हटलं, तुम्हाला आमंत्रण नाही. ठेवून दिला.
नंतर आठवलं, आमंत्रण दोघांच्या नावाने होतं.

५ डिसेंबर
दुपारी दि. आला. बरोबर रिकामा टेंपो. न विचारता, न कळवता. खोलीच्या दारातून म्हणाला, “चल. सामान घ्यायला आलोय.”
“विचारलं होतं मला?”
“आता विचारतोय.”
दाढी वाढली आहे. शर्टाचं एक बटण नाही. हे दिसलं म्हणून स्वतःचाच राग आला. म्हणाला, कॉम्प्युटरला हात लावणार नाही. मी म्हटलं, माझ्या गैरहजेरीत कोण बघणार. तर म्हणाला, “मग गैरहजर राहू नकोस.” पुन्हा तेच. कळलंच नाही त्याला काय बोलला ते. की कळलं?
मी सांगितलं, एक पदर मशिनवर लावलाय, तो मध्ये थांबवता येत नाही. पूर्ण झाल्यावर बोलू. तो ओट्यावर जाऊन बसला. ताईने पाणी दिलं. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, दि.ने त्याला हाताने थांब म्हटलं.
मशिन चालू आहे. शेवटचे दोन रंग राहिलेत. मी स्क्रीनसमोर बसून हे लिहिते आहे आणि तो पाठमोरा दिसतो आहे. हिरवा दोरा संपत आला. मग एकच रंग उरेल, आणि त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.