माझ्या नावावरचा सिलिंडर

१२ डिसें., गुरु.
आजपासून घरात काटकसर. पिंकीला नर्सिंगला घालायचं नक्की झालं, तर प्रत्येकाने आपली एकेक रोजची गोष्ट सोडायची. पिंकीच्या बाबांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. (यापुढे पि. बा. लिहीन, तेवढीच शाई वाचेल.) पिंकीने शाम्पूचे पाउच आणि बसस्टँडवरचं चाऊमिन. मी मोबाइलचं रिचार्ज. मला फोन करतं कोण? माहेरचे दोघं-तिघं, ते पि. बा.च्या फोनवर करतील.

एवढं झाल्यावर पि. बा. म्हणाले, गॅसही सोडू, जंगल काही लांब नाही, पावसाळ्यात परत घेऊ. मी हो म्हटलं. रिकामा सिलिंडर ते कामाला असतात त्या राईस मिलवर ठेवायला घेऊन गेले, घरात अडचण नको म्हणून. शेगडी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

खर्रा सोडणार म्हणे! आमच्या गावचा माणूस जेवण सोडेल एक वेळ. बघू.

१५ डिसें., रवि.
किती तरी वर्षांनी सरपणाला गेले. शेजारची शेवंताबाई सोबत. माझ्या आईच्या वयाची. तिची सून गॅसवर रांधते, तिला मोळीचं काही काम नाही, पण मी एकटी निघाले पाहून चपला घातल्या. "एकटी नोको जाऊ. येतो मी."

तिचे नियम आहेत. जंगलात मोठ्याने बोलत राहायचं. एक वाकली की दुसरीने उभं राहून चारी बाजूंना पाहायचं. आणि वाघाला वाघ म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. सकाळभर तिने सुनेच्या तक्रारी सांगितल्या, ओरडून. जनावराने ऐकलं असेल तर सुनेचीच कीव केली असेल.

मान दुखते. सवय गेली डोक्यावर ओझ्याची.

२३ डिसें., सोम.
धूर, डोळे, राख, परत धूर. पिंकी म्हणते, आई तुझ्या केसाले वास येते. तिचेही केस साबणाने धुऊन काथ्यासारखे झालेत, पण एक शब्द बोलत नाही पोर.

पि. बा. खरंच खर्रा खात नाहीत. बडीशेप चघळतात, चिडतात, पानठेल्यापाशी मान दुसरीकडे करून सायकल हाणतात. मी कोपऱ्यावरून पाहिलं आज, त्यांना माहीत नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं वाटलं. लिहून ठेवते, बोलून दाखवणार नाही. चढून बसतील.

२ जाने., गुरु.
वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली. नाल्याकडच्या जंगलात वाघीण आहे, सोबत पिल्लं, कोणी आत जाऊ नये. आणि माझं सरपण आजच संपलं.

पि. बा.ना म्हटलं, एवढा महिना एक सिलिंडर आणा. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "एवढं केलं, तं आता काऊन मोडून राह्यली? पिंकीचं पाहा." मग म्हणाले, नाल्याकडे जाऊ नको, तलावाच्या बाजूने जा. जसं काही वाघिणीला हद्द नेमून दिली आहे. पिंकीचं नाव निघालं की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

शेवंताबाईला सांगितलं, तू येऊ नको. येणारच म्हणाली.

९ जाने., गुरु.
जमेल तसं लिहिते. तलावाच्या बाजूलाच. मी वाकले होते, शेवंताबाई उभी. बोलता बोलता ती गप्प झाली. मला आधी तेच कळलं, तिचं गप्प होणं. वर पाहिलं तर पळसाच्या झुडपामागे पिवळं. हललंही नाही. आमच्याकडे पाहत होतं फक्त. शेवंताबाईने माझा पदर धरून मागे मागे ओढलं. पाठ करायची नाही, असं ती नेहमी सांगायची, पण बांध आल्यावर आम्ही दोघी पाठ करून पळालो, आणि ती बांधावरून पडली.

उजवं मनगट मोडलं. सिंदेवाहीला सरकारी दवाखान्यात प्लास्टर. तिची सून माझ्याशी बोलली नाही, का बोलावं तिने? पि. बा. मिलवरून धावत आले, तोंड पांढरं पडलं होतं. मला नखशिखांत पाहिलं, शेवंताबाईपाशी बसले, खूप वेळ बसले. मला वाटलं, आता तरी सिलिंडर आणतील.

नाही आणला. संध्याकाळी स्वतः मिलवरून भुशाचं पोतं आणि फळ्यांचे तुकडे घेऊन आले. म्हणाले, आता याच्यावर भागव.

१४ जाने., संक्रांत
वाण घेतलं नाही यंदा. हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हातावर घरचे वाल ठेवले. हसल्या असतील मागे, हसू देत.

सुनीताने पि. बा.च्या हाती डबाभर तिळाचे लाडू पाठवले. सुनीता म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी. नवरा टाकून गेला, तेव्हापासून सिंदेवाहीत खोली घेऊन कॉलेजच्या पोरांचे डबे करते. स्वतःचंच भागत नाही, आणि एवढे लाडू आम्हाला कशाला? पि. बा. म्हणाले, देऊन राह्यली तं खा. पिंकीने एका बैठकीत चार खाल्ले.

१७ जाने., शुक्र.
गॅसवाल्यांचा माणूस गावात सांगून गेला. ज्या बाईच्या नावावर कनेक्शन, तिने ऑफिसात येऊन अंगठा द्यायचा, नाही तर कनेक्शन बंद. आमचं माझ्या नावावर आहे. पि. बा. म्हणाले, "जाऊ दे न. आपण घेतच नाई." मग थोड्या वेळाने म्हणाले, मी पाहतो काय ते. अंगठा माझा, आणि पाहणार हे?

पावसाळ्यात ओल्या लाकडावर मी काय रांधू? सोमवारी शेवंताबाईला प्लास्टर दाखवायला नेणारच आहे. तेव्हा जाऊन येईन, घरात बोलायची गरज नाही.

२० जाने., सोम.
शेवंताबाईला दवाखान्याच्या रांगेत बसवून गॅसच्या ऑफिसात गेले. अंगठा दिला. तिथल्या मुलाला म्हटलं, दादा, आम्ही सध्या गॅस घेत नाही, तरी कनेक्शन चालू राहील ना? त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, बाई, घेत नाही कसं? तुमच्या नावावर नेमाने जातो आहे, मागच्याच आठवड्यात गेला. डिसेंबरात तुमच्या घरचे येऊन मोबाइल नंबर बदलून गेले, बुकिंग त्याच फोनवरून होतं. सिलिंडर कुठे उतरतो, तेही त्याने सांगितलं. सुनीताची गल्ली.

चालत गेले. खोलीच्या बाहेर पत्र्याखाली दोन शेगड्या, एकीवर वरण, एकीवर भात, आणि खाली लाल सिलिंडर. मिलवर ठेवायला नेलेला तो हाच, भरून तिच्या दारात. मला पाहून सुनीता उठली ती सरळ पायाच पडली. "वहिनी, तुमच्यामुळं चूल पेटून राह्यली माही. दादानं सांगतलं, वहिनीच म्हणे का देऊन टाका सुनीले."

वहिनीच म्हणे.

तिचं कनेक्शन सासरी अडकलं, इथे तिच्या नावावर काही नाही, मेस बंद पडायला आली होती. हे सगळं ती मला सांगत होती, जसं मला माहीतच आहे. मी विचारलं, पैसे कोण भरतं? तीच भरते. बुकिंग तेवढं दादाचं. म्हणजे पैसा कुठेच गेला नाही. पैसा गेला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गेले ते माझे पाय आणि शेवंताबाईचा हात.

तिने दुधाचा चहा केला. माझ्या गॅसवर. मी प्यायले. गोड होता, आणि दूध घातलेला; घरी काटकसरीत दूधही बंद आहे महिनाभर. ते प्यायले याचाही आता राग येतो.

शेवंताबाई रांगेतच होती. "कुठी गेली होती एवढा वेळ?" गॅसच्या ऑफिसात, म्हटलं. खोटं नव्हतं.

२१ जाने., मंगळ.
बोलले नाही. रांधलं, वाढलं, भांडी घासली. त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांनीही विचारलं नाही.

दारू पिऊन पडणारा असता, जुगारी असता, तर माझ्या तोंडात शब्द तयार होते. हा माणूस खर्रा सोडून बसला आहे. बहिणीला उपाशी मरू देत नाही. बाहेर कोणालाही सांगा, म्हणतील, भला माणूस. आणि हा भला माणूस भोंगा ऐकूनही मला जंगलाची बाजू बदलून देतो. पिंकीचं पाहा म्हणतो. पिंकीचं नाव घेऊन.

मला लुबाडलं, असंच वाटतं. दुसरा शब्द शोधला दिवसभर, नाही सापडला.

२२ जाने., बुध.
पिंकी क्लासला गेल्यावर बोलले. मी सुनीताकडे चहा पिऊन आले, एवढंच म्हटलं. ते खाटेवर बसले. नाकारलं नाही, त्यातही भलेपणा.

मी म्हटलं, मले विचारलं काऊन नाई? मी नाही म्हटलं असतं का?

ते म्हणाले, "हो म्हटलं असतं तू. मंग सुनी दारात आली का दर खेपेला तिले ते आठवून देल्लं असतं. तुह्या हातचं तिले पचलं नसतं."

हे माझ्याबद्दल यांचं मत. वीस वर्षांच्या संसारानंतर. मी तोंडाळ आहे, ठीक आहे, सगळं गाव म्हणतं. पण बोलून मोकळी होणारी बाई वाघाच्या तोंडी गेली तर चालेल, आणि बहिणीला दोन शब्द लागू नयेत?

हे मी बोलले. यातलं सगळं बोलले. ते म्हणाले, वाघाचं मले वाटलं नव्हतं असं होईन. नऊ तारखेनंतर तर वाटलं ना? तेव्हा? सायकल काढून मिलवर गेले.

२३ जाने., गुरु.
शेवंताबाईला सांगून टाकलं. तिच्यापासून लपवून मी पि. बा.च्याच रांगेत जाऊन बसले असते. भीती वाटत होती, संबंध तुटेल.

तिने सगळं ऐकलं. प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवत होती. "म्हंजे मी सुनीच्या डब्यासाठी पडली," म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "त्याले माह्यासमोर आणू नोको, माय. दवाखान्यात बसला होता माह्यापाशी, पाणी पाजलं. तवा त्याले ठाऊक होतं." एवढं बोलून डोळे पुसले. मी तिचा रडवेला चेहरा आजवर पाहिला नव्हता, सून घर सोडून गेली होती तेव्हाही नाही.

२६ जाने., रवि.
पि. बा. मिलमालकाच्या गाडीवर सिलिंडर बांधून घेऊन आले. सुनीताच्या पत्र्याखालचाच, वजनावरून कळलं, अर्धा संपलेला. माळ्यावरून शेगडी काढली, पुसली, नळी लावली, सगळं स्वतः. गॅसच्या ऑफिसात माझा नंबर परत टाकून देतो म्हणाले.

गॅसवर भात लावला आणि करपवला. चुलीची सवय झाली हाताला. पिंकीला वाटलं, बाबांनी माझ्या डोळ्यांसाठी आणला. तिला काय सांगायचं, हे आमचं ठरलेलं नाही. दोघांनीही करपलेला भात खाल्ला.

मग मीच विचारलं, सुनीता आता कशावर करेल? म्हणाले, चुलीवर. आणि सरपण? "पाहू."

मला आनंद व्हायला हवा होता. सुनीताचं तोंड समोर येत राहिलं. ती मला काय समजत असेल आता? दिलं आणि ओढून घेतलं. दोन्ही वेळा मी काहीच केलेलं नाही.

२८ जाने., मंगळ.
उठले तर पि. बा. अंथरुणात नाहीत. सायकल भिंतीला टेकलेली. कुऱ्हाड आणि दोर नाही.

आधी वाटलं, शेतावर असतील. मग पाणी भरायला आलेल्या कुंदाने सांगितलं, उजाडताना भाऊ नाल्याकडे जात होते, एकटेच. सरपणाला चाललो म्हणाले, सुनीले पोचवून द्यायचं हाय. नाल्याकडे. कालही गाडी भोंगा वाजवून गेली, पिल्लं तिकडेच दिसली म्हणून.

परत सांगितलं नाही. बाजूला झोपलेल्या माणसाला न उठवता कुऱ्हाड घेऊन गेले. मला वाटत होतं, बुधवारी जे झालं ते झालं, आता निदान सांगतील. यांच्या लेखी मी सांगण्यातली नाहीच. बहिणीला द्यायचं तरी गुपचूप, जीव धोक्यात घालायचा तरी गुपचूप.

ऊन अंगणात आलं. त्यांनी एवढ्यात परत यायला हवं होतं. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. त्यांच्या फोनवर फोन लावावा तर माझ्यात रिचार्ज नाही. पिंकीने तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून लावला, वाजतो, उचलत नाहीत. बसवत नाही म्हणून हे लिहिते आहे. राग इतका आहे की आले तर बोलणार नाही, आणि आले नाहीत तर

शेवंताबाईला कोणी तरी सांगितलेलं दिसतं. गळ्यात हात बांधून फाटकाशी उभी आहे, चपला घालून. मी म्हटलं, तू त्याचं तोंड पाहणार नव्हती ना? म्हणाली, "नाईच पाहत. मी तुह्याकडे पाहीन, तू त्याले हाका मार. चाल."

त्यांनी मला विचारलं असतं तर आज मी नाही म्हटलं असतं.