आवाजाची माळ

मंगळवार, ३ मार्च

आज कॉफीच्या वेळेला दोम्ना माझ्या ग्लासातून पाणी प्यायली आणि सगळं बदललं.

ग्लासावर माझं नाव आहे. मीच चिकटवलंय – ‘पास्खालिस. हात लावू नये.’ स्टेपलरवर आहे, कात्रीवर आहे, फ्रिजमधल्या दह्यावरसुद्धा आहे. मागे आमच्या खोलीतले म्हातारे प्रोद्रोमोस – सगळे मानाने ‘कीर’ लावतात – माझ्या चमच्याने स्वतःची कॉफी ढवळताना सापडले तेव्हा मी केवढा तमाशा केला होता! आणि आज हिने हेडफोन गळ्यात उतरवले, न विचारता ग्लास उचलला, घटाघटा पाणी प्यायली, मग नावाकडे लक्ष गेलं. ‘अगबाई, तुझा होय?’ मनगटावर मार्च लागला की सगळे बांधतात तो लाल-पांढरा दोरा. ओठाला थोडं पाणी.

मी म्हणालो, ‘असू दे की.’

हे मी म्हणालो. मी!

ग्लास अजून विसळलेला नाही.

पण ऐक पुढचं. तिने डोकं धरलं आणि म्हणाली, ‘ह्या खोलीत काम होणं शक्य नाही रे. नगरसेवक आधीच तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांची भाषणं ऐकून टाइप करायची, आणि त्यात इथला हा आवाज. सारखं दचकायला होतं. महिनाअखेरीला माझ्या टेबलाचं भाडं संपलं की मी दुसरी जागा बघणार.’

महिनाअखेर! आणि अगदी त्याच क्षणी कोपऱ्यातून – टक्. टक्-टक्. टक्. कीर-प्रोद्रोमोस आणि त्यांची ती पिवळी अंबरची माळ.

ठरलं.

बुधवार, ४ मार्च

सकाळीच त्यांच्या टेबलापाशी गेलो. ते फोनवर होते. ते आठ-दहा बिल्डिंगांचा जिन्याच्या दिव्यांचा आणि हीटरच्या तेलाचा खर्च घराघरांत वाटून देतात, म्हणजे दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्यावर ओरडत असतं. ‘हो बाई. तुम्ही हीटर बंद ठेवता, मान्य. पण वरच्यांची ऊब तुमच्या छतातूनच जाते ना?’ – एका हातात फोन, दुसऱ्यात माळ. टक्.

फोन ठेवल्यावर म्हणालो, ‘कीर-प्रोद्रोमोस, हे जरा थांबवता का?’

‘काय?’

‘ही टकटक. इथे तीन माणसं बसतात. जपच करायचा तर देवळात करा.’

‘जप?’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘पोरा, देवळात मी शेवटचा गेलो तो माझ्या लग्नाला. तेही सासूने ओढत नेलं म्हणून. ही जपाची नाही, हाताच्या चाळ्याची आहे. ही धरली तेव्हा सिगारेट सुटली. तू कॉलेज सोडलंस तेव्हा हातात काय धरलंस?’

दोम्ना हसली! त्यांच्या बाजूने!

मी बाहेर गेलो. दार असं लावलं की खालच्या न्हाव्याने मान वर केली.

शुक्रवार, ६ मार्च

नियम लिहून भिंतीला लावले. सभ्य भाषेत. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये. (दोम्नाला सूट – हे लिहिलं नाही, मनात ठेवलं.) हातात वस्तू घेऊन आवाज करू नये. माशाचा डबा खोलीत उघडू नये – हा नियमही त्यांच्यासाठीच.

जेवून परत येतो तर खाली कुणीतरी पेन्सिलीने जोडलंय, ‘दार हळू लावावे.’

म्हाताऱ्याचा सूड. दुसरं काय! सही करायची हिंमत नाही.

संध्याकाळी जाताना उत्तर दिलं. दारानेच. भिंतीवरचा कागद खाली पडला असणार.

घरी आई – ‘तीन वर्षं झान्थीच्या कॉलेजात काय केलंस, विटा मोजल्यास? आता माझ्या भावाच्या बरण्या विकतोयस, त्या तरी नीट विक.’ विकतोय ना! नमुन्याच्या बारा रिकाम्या काचेच्या बरण्या टेबलावर मांडल्यात. ड्रॉवर उघडला की किणकिणतात. छान वाटतं.

सोमवार, ९ मार्च

ते कॉफी आणायला खाली गेले. माळ टेबलावर होती. मी उचलली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये, झाकणांच्या खोक्यात टाकली.

कबूल – नियम पहिला मोडला. पण कारण मोठं होतं.

ते आले, बसले. हात टेबलावर फिरवला, कागद उचलून बघितले. मग म्हणाले, ‘माझी माळ कुणी घेतलीये?’ ओरडले नाहीत. ‘एक वेळ बायको पळवा,’ ते म्हणाले, ‘पण माणसाच्या हातातली माळ?’

दोम्ना त्यांच्यासाठी टेबलाखाली वाकून शोधत होती. मी माझ्या झाकणांकडे बघत होतो.

दुपारपर्यंत त्यांनी पेनाचं टोपण चावून टाकलं, तेलाच्या हिशेबात दोनदा चुकले, कुणा सेक्रेटरीला फोनवर ‘गाढव’ म्हणाले, आणि मग खाली जाऊन आले ते सिगारेटचा वास घेऊन. दोम्ना उठून उभी राहिली. ‘कीर-प्रोद्रोमोस! आत्ता? ह्या दिवसांत?’ ते लहान मुलासारखे खिडकीबाहेर बघायला लागले.

ह्या दिवसांत म्हणजे काय ते मला कळलं नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस म्हणून असेल.

संध्याकाळी सगळ्यात शेवटी थांबलो आणि माळ त्यांच्या खुर्चीच्या गादीखाली सरकवली. म्हणजे पडली असं वाटेल.

मंगळवार, १० मार्च

सापडली. ‘गादीखाली,’ ते म्हणाले, माझ्याकडे बघत. ‘माझ्या ढुंगणाला आठ तास कळलं नाही, बघ.’

टक्. टक्-टक्.

दोम्नाच्या टेबलावर भाड्याच्या जागांच्या जाहिराती. दोनवर गोल काढलाय.

बुधवार, ११ मार्च

सुचलं! इतकं सोपं! चोरी नको, भांडण नको. आवाज न करणारी माळ!

देवळाशेजारच्या दुकानात टांगलेल्या असतात – काळ्या लोकरीच्या, आथोसच्या मठातले साधू एकेक गाठ मारून करतात त्या. साधू त्या जपाला वापरतात, पण त्याच्याशी आपल्याला काय! बोटात फिरवायला तीच ती. आणि आवाज? शून्य! दुकानदारीणबाईंनी विचारलं, ‘कुणासाठी रे बाळा? आजारी आहे का कुणी?’ मी म्हटलं, ‘नाही हो, ऑफिसातल्या एका काकांसाठी.’ त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि दोन युरो कमी घेतले.

गुरुवार, १२ मार्च

दिली. मामाच्या सर्वांत चांगल्या बरणीत घालून, सोनेरी झाकण लावून. दोम्ना नगरपालिकेत गेली होती, म्हणजे तिने हे पाहिलं नाही. वाईट वाटलं.

कीर-प्रोद्रोमोसनी झाकण उघडलं. माळ बाहेर काढली. बराच वेळ नुसती धरून बसले.

‘तुला कुणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला हवं,’ मी म्हणालो, ‘दिसतंच की.’

‘दिसतं?’ त्यांनी खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघितलं. गालावरून हात फिरवला.

‘मला वाटलं, आता तुम्हाला हिचीच गरज आहे.’

‘बरोबर,’ ते म्हणाले. ‘तू चांगला पोरगा आहेस, पास्खाली. मला वाटत होतं त्याहून चांगला.’

अंबरची टेबलावरच ठेवली, लोकरीची कोटाच्या खिशात घातली आणि बाराच्या आत घरी गेले. दिवसभर खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. जिंकलो!

शुक्रवार, १३ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दोम्ना सकाळी आली ती कोटसुद्धा न काढता माझ्यासमोर उभी राहिली. ‘तू त्यांना साधूंची जपमाळ दिलीस?’

‘हो. आवाज होत नाही तिचा.’

‘आवाज!’ ती खुर्चीत बसली. ‘अरे मूर्खा, त्यांच्या फुप्फुसात गाठ आहे. सोमवारी रिपोर्ट आहे. मला एकटीला सांगितलंय, घरीसुद्धा नाही. काल रात्री त्यांचा फोन आला – दोम्ना पोरी, माझ्या तोंडावर दिसायला लागलंय म्हणे, पोराने माझ्या हातात जपमाळ ठेवली. पाद्री दिसला की रस्ता ओलांडणारा माणूस, पास्खाली! रात्रभर झोपला नाही तो.’

म्हणालो, ‘मला काय माहीत! मी हे तुझ्यासाठी केलं! त्या टकटकीचा त्रास तुलाच होत होता ना? त्यासाठीच तू जागा सोडतेस ना?’

‘टकटक?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘ती टकटक मला आवडते. तिच्या तालावर मी टाइप करते. मला त्रास तुझ्या दाराचा होतो. तू येतोस – धाड. जातोस – धाड. रागावलास – धाड. कॉफीला गेलास – धाड. आणि त्या बरण्या! हेडफोनमध्ये नगराध्यक्ष बोलतोय आणि मी इथे काळीज धरून बसलेय. भिंतीवर लिहिलं, तरी तुझ्या डोक्यात शिरलं नाही.’

‘ते तू लिहिलंस?’

‘मग काय न्हाव्याने?’

उठलो, बाहेर पडलो आणि – सवय! – धाड. जिन्यात दोन पायऱ्या उतरलो. परत वर आलो, दार उघडलं, म्हणालो, ‘सॉरी.’

तिने हेडफोन लावले होते. खिडकीतलं तिचं जिरेनियमचं झाड पिशवीत भरून टेबलावर ठेवलेलं. संध्याकाळी घरी घेऊन गेली.

शनिवार, १४ मार्च

ग्लास विसळला.

सोमवार, १६ मार्च

रिपोर्ट वाईट आहे, पण फार वाईट नाही. गाठ लहान आहे, काढून टाकता येईल. गुरुवारी ऑपरेशन, आजच दाखल झाले. दोम्ना पोचवून आली.

तिला विचारलं, ‘माझ्यावर चिडलेत का?’

‘नाही. लोकरीची सोबत नेलीये. म्हणाले, वॉर्डात आवाज चालत नसेल, पोराने बरी दिली.’ मग कोट काढत – ‘अंबरची टेबलावर आहे. तू फिरवत राहा असं सांगितलंय. हात लागला नाही तर तिचं पाणी उतरतं म्हणे.’

‘मी? माझं नाव घेऊन सांगितलं?’

‘म्हणाले, त्या चोराला सांग. माळ आपली आपण गादीखाली जात नाही, तिथे मी फक्त बसतो.’

मंगळवार, १७ मार्च

फिरवतोय. जमत नाही. दर वेळी नखावर आपटते.

गुरुवार, १९ मार्च

काम कुणीच केलं नाही. सकाळपासून त्यांचा फोन वाजतोय. मीच उचलला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई – ‘मी हीटर लावतच नाही, मग मी का भरू?’ मी म्हटलं, ‘बाई, वरच्यांची ऊब तुमच्या छतातूनच जाते ना?’ त्यांनी पैशांचा विषयच सोडला. मग म्हणाल्या, ‘प्रोद्रोमोस कुठेयत?’ मी म्हणालो, ‘येतील.’

दोम्ना हेडफोन न लावता बसली होती. माझ्या हातातली माळ थांबली तर म्हणाली, ‘थांबवलीस का? फिरव.’

फिरवली. टक्. टक्-टक्. ती मनगटावरचा दोरा ओढत बसली होती.

चारला दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलेत. पाणी मागितलं.

मी पटकन माझा ग्लास भरून दोम्नाला दिला. का ते माहीत नाही, पाणी त्यांनी मागितलं होतं. ती प्यायली. अर्धा ग्लास मला परत दिला.

शुक्रवार, २० मार्च

सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. दह्यावरचीसुद्धा. दह्यावरची निघता निघेना.

बरण्या खोक्यात भरल्या, मध्ये वर्तमानपत्र घालून. ड्रॉवर उघडून बघितला. काही नाही.

जाहिरातींचा कागद दोम्नाच्या टेबलावर अजून आहे.

मंगळवार, २४ मार्च

सकाळी खिडकीत जिरेनियम! जिथे होतं तिथेच. जाहिरातींचा कागद कुंडीखाली, पाणी गळू नये म्हणून.

अकराला फोन वाजला. ‘पास्खाली.’ आवाज बारीक, पण तोच. ‘तुझ्या त्या लोकरीच्या माळेपायी नर्सला मी भाविक वाटलो. काल एक पाद्री पाठवला, आज दुसरा. त्याने माझ्या कपाळाला तेल चोपडलं आणि मी पळूही शकलो नाही, दोन्ही बाजूंना नळ्या. आणि ऐक – वॉर्डात आम्ही सहा म्हातारे आहोत. पाचांच्या हातात माळा. अंबरच्या, हाडाच्या. दिवसभर टकाटक. मी एकटा साधूबुवा. ताबडतोब माझी घेऊन ये. आवाजाची.’

‘आत्ता निघतो,’ मी म्हणालो.

‘आणि पोरीला आण. तू एकटा आलास तर रस्ता चुकशील.’

दोम्नाने नगरसेवकाला वाक्याच्या मध्येच थांबवलं, कोट घेतला आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. माळ माझ्या खिशात. दिवा बंद केला, मागे बघितलं – तीन टेबलं, एक झाड, आत कुणीच नव्हतं.

तरी दार हळू लावलं.