उरलेलं अर्धं

नवापूरजवळचा आपला पाडा,
सोमवार, १३ मार्च १९३९

प्रिय गुलाब,

बापाचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत टाकलंस, तर मी तुला बोल लावणार नाही. पण आधी वाच. वाचायला मीच शिकवलं होतं, तेवढ्यापुरतं तरी माझं ऐक.

तुझी आई बरी आहे. मोहाची फुलं गळायला लागलीत, उजाडलं की वेचायला टोपली घेऊन निघते. माझ्याशी मात्र कालपासून एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

आठ वर्षांपूर्वीचा तो रविवार तू कशी विसरशील? भिलानं बाप्तिस्मा घेतला नव्हता, तरी तू त्याच्याबरोबर संसार मांडलास आणि मला, इथल्या उपदेशकाला, तोंड लपवावंसं वाटलं. तू प्रार्थनाघराच्या दाराशी येऊन उभी राहिलीस. मी मुद्दाम त्या जुन्या संदेष्ट्याचा धडा काढला, ज्याला देवानं लेकीचं नाव ‘दया नाही’ असं ठेवायला लावलं. आपली रीत तुला ठाऊक आहे. आधी मराठीत वाचायचं, जे कुणाला धड कळत नाही, मग तेच आपल्या बोलीत सांगायचं. मराठीत मी सगळं वाचलं. बोलीत सांगितला तो फक्त देवाचा राग. मग तुझ्याकडे बोट दाखवून म्हणालो, ही माझी कुणी नाही. मंडळीला वाटलं, देवाचं बोलणं तिथंच संपलं.

पण अगं, तुला मराठी येत होती! पुढचं तुला कळलं होतं. मी सांगेन म्हणून तू थांबलीस, मी पुस्तक मिटलं, आणि तरी चारचौघांत तू मला खोटं पाडलं नाहीस. तुझी ती नजर मी विसरलेलो नाही.

काल तोच धडा पुन्हा वाट्याला आला. याही खेपेला मी अर्ध्यावर उरकायला निघालो होतो, काय म्हणावं माझ्या कोडगेपणाला! एवढ्यात बायकांच्या बाजूनं तुझी आई उठली. म्हणाली की वाचलं एवढं लांब आणि सांगितलं एवढंसं, उरलेलं कुठे गेलं? तिला मराठी येत नाही, पण लांबी कळते. मग सांगावंच लागलं. त्याच देवाला पुढं कळवळा आला. ‘दया नाही’ म्हणवलेल्या लेकीवर त्यानं दया केली. ‘माझे नव्हेत’ म्हटलेल्यांना माझे म्हणून जवळ घेतलं. तिनं एवढंच विचारलं, हे त्या दिवशीही पुस्तकात होतं का? मी हो म्हणालो. ती टोपली उचलून निघून गेली.

तुला मुलगी झाल्याचं नवापूरच्या बाजारात कळलं. सहा वर्षांची आहे म्हणे. तिचं नावसुद्धा विचारायचा धीर मला झाला नाही.

गुलाब, देवाला रागवायचा हक्क होता, मला तोही नव्हता. म्हणून तुला परत ये म्हणायला मी कोण? मीच येतो. येत्या गुरुवारी तुझ्या आईला घेऊन तुमच्या पाड्याच्या वेशीशी बसेन. दिवस मावळेपर्यंत तू आली नाहीस, तर मुकाट्यानं परत फिरेन. तोवर एक कर. हे पत्र भिलाला आणि पोरीला आपल्या बोलीत सांग. मी पुस्तक मिटलं तिथं थांबू नकोस, खालच्या सहीपर्यंत सगळं सांग.

तुझाच बाप,
रेवजी